दूध आटलं

आमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात वर्षातून एकदाच पुरुष माणूस शिरतो आणि त्याची वर्दी सगळ्या कॉलनीला लागते. तो दिवस बुद्ध पौर्णिमेचा आणि पुरुष माणूस म्हणजे माझे वडील, आबा. उरलेलं वर्षभर त्यांना चहाची पूड कुठल्या डब्यात असते हे माहीत नसतं आणि माहीत करून घ्यावं असं वाटतही नाही. पण वैशाखातल्या त्या सकाळी ते पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून गॅससमोर असे काही उभे राहतात की आई निमूट सोफ्यावर जाऊन बसते आणि पाय वर घेते. तिच्या मते तिचा सण तेवढाच.

आबांनी उभी हयात जालन्याच्या एमआयडीसीत, एका लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीवर काढली. आता रिटायर झाले, पण भट्टी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. खिरीच्या दुधाला ते ‘माल’ म्हणतात. ‘माल अजून कच्चा हाय.’ ‘ताव बसला न्हाई.’ ‘हां, आता धरलाय बराबर.’ हातात उलथनं घेऊन पातेल्याच्या कडेची साय खरवडायची, परत दुधात सोडायची, पुन्हा खरवडायची. मधे कुणी काही विचारलं की तोंडाने उत्तर नाही, नुसता तळहात वर. मिलच्या आवाजात एकमेकांचं ऐकू यायचं नाही म्हणून सगळे खुणांनी बोलायचे, त्याची ही सवय. आमच्या गॅसचा आवाज तो केवढा, पण आम्ही त्या तळहाताचा मान ठेवून गप्प बसतो.

आणि एवढी तपश्चर्या करून ही खीर जाते कुठे, तर कॉलनीतल्या विहारात. आमच्याकडे पद्धत अशी आहे की प्रत्येक घराने आपापली खीर आणायची आणि एकाच मोठ्या पातेल्यात ओतायची. मग त्यातूनच सगळ्यांना वाटी वाटी मिळते. कुणाची शेवयांची असते, कुणाची रव्याची, कुणाची गव्हाची, एका घरची तर नेहमी साबुदाण्याची. त्यात आबांची खीर. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, भरड काढून, तुपावर परतून, दूध निम्म्याच्या खाली आटवून, वर वेलदोडा आणि चारोळ्या. ती पातेल्यात पडते आणि साबुदाण्यात बुडून दिसेनाशी होते. आबा त्या क्षणी दुसरीकडे बघतात. बोलता काही येत नाही, कारण ‘इथं कुणाची खीर उंची न्हाई आन कुणाची हलकी न्हाई’ हे दरवर्षी विहारात माइक धरून तेच सांगतात. म्हणून निघण्याआधी ते एक डबा भरून घरी फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवतात. आई त्याला आबांचा खासगी साठा म्हणते.

पण आबांनी कितीही ताव दिला तरी या खिरीचं खरं मोठेपण त्यांचं नव्हे. ते दुधाचं, आणि दूध यायचं टेंभुर्णीहून. तिथे आबांची थोरली बहीण, माझी आत्या, दिलेली आहे. पौर्णिमेच्या सकाळी ती पहिल्या एसटीने किटली घेऊन उतरायची. ॲल्युमिनियमची जुनी किटली, कडीला दोरी गुंडाळलेली, भोवती ओलं गोणपाट. दूध गावाकडेच तापवून, निववून आणायची, म्हणजे उन्हात नासू नये. वाटेत प्रत्येक स्टॉपवर खाली उतरून गोणपाटावर पाणी मारायची. कंडक्टर कटकट करायचे, ती ऐकायची नाही.

हे सुरू कसं झालं ते आईने मला सांगितलंय. आबा गाव सोडून जालन्याला आले तेव्हा एका खोलीत भाड्याने राहायचे, आणि आम्ही पोरं चहातही पाणी जास्त पीत होतो. आत्या एकदा सणाला आली, तिने आमचा चहा पाहिला आणि पुढच्या खेपेपासून किटली सुरू झाली. आजी-आजोबा केव्हाच गेले होते. गावाकडच्या घराची वाटणी होऊन तिथे कुणी उरलं नव्हतं. आत्याचं माहेर म्हणजे आमची ती एक खोलीच. माहेरवाशिणीचे लाड माहेराने करायचे असतात, इथे माहेरवाशीणच भरली किटली घेऊन यायची. मला यातलं विशेष काही कळायचं नाही. माझं स्वतःचं माहेर सासरपासून दोन गल्ल्यांवर आहे. कढीपत्ता संपला तरी मी माहेरी जाते, त्यामुळे मला त्याची काय अपूर्वाई असणार.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. आत्या आली, दूध आलं, आबा गॅससमोर उभे राहिले आणि दूध काही केल्या आटेना. उलथनं फिरवून फिरवून त्यांचा हात दुखायला लागला. विहाराकडून दोनदा निरोप आला. शेवटी वैतागून, आणि घरात शेजारपाजारचे चार लोक बसलेले असताना, आबा म्हणाले, “अक्का, पाणी घातलं का काय दुधात?”

गंमतच होती ती. आबांच्या गमतीत गंमत शोधावी लागते, पण ती गंमतच होती. सगळे हसले, आत्याही हसली. म्हणाली, “मंग म्होरच्या साली आटवूनच आणते, तुझी कटकटच नको.” आणि वाटीभर खीर खाऊन, तिचा मुलगा मोटारसायकलवर न्यायला आला होता त्याच्यामागे बसून, नेहमीपेक्षा लवकर निघून गेली. किटली आमच्याकडेच राहिली.

तिथून पुढे आमच्या घरात किटलीचं वर्ष सुरू झालं. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत सगळ्यांची आहे, पण आबांनी तिचा कायदा करून टाकला. किटलीत घालायचं काय? आई म्हणाली साखर घाला. “साखर न्हाई का तिच्याकडं?” मी म्हणाले तूरडाळ द्या. “शेतकऱ्याच्या घरी डाळ?” सुका मेवा, तर उंदीर लागतील. साडी, तर किटलीत साडी कोण घालतं. शेवटी आई म्हणाली, तुम्हीच बसा त्यात. किटली फ्रीजवर चढली ती तिथेच राहिली. आबा मधूनमधून तिच्यावरची धूळ पुसायचे आणि परत तिथेच ठेवायचे.

खरं कारण सगळ्यांना कळत होतं. आत्याचा फोन येणं हळूहळू बंद झालं होतं. आधी महिन्यातून दोन-चारदा यायचा, नुसता ‘जेवला का’ एवढं विचारायला. आता नाही. आबांना वाटत होतं, पाण्याचं बोलणं तिच्या मनाला लागलं. मग फोन करून विचारायचं ना. तर ते नाही. “तिला यायचं आसंल तर येईल,” म्हणायचे आणि पेपर उलटा-सुलटा करायचे. हा माणूस लाल झालेल्या लोखंडासमोर आयुष्यभर उभा राहिला, पण थोरल्या बहिणीला एक फोन लावायची त्याची छाती होत नव्हती. मी बियाण्याच्या कंपनीत काम करते, कुठलं बी उगवेल आणि कुठलं नाही हे तपासते. आबांचं मात्र मला आजवर काही सांगता आलेलं नाही.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आईने त्यांच्या हातात फोन दिला आणि समोर उभी राहिली. आता सुटका नव्हती. आबा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात आणि हातभर लांब धरून बोलतात, त्यामुळे पुढचं सगळं आम्ही आमच्या कानांनी ऐकलंय.

“अक्का, उद्या येऊन राह्यलीस न्हवं?”

“बघू.”

“बघू काय? आन दुधाचं?”

पलीकडून ती हळूच म्हणाली, “दूध आटलं रे.”

“आटलं?” आबांचा चेहरा असा उजळला की बस. “मंग तर लई बेस झालं.”

“बेस झालं?”

“मंग काय. एक कटकट गेली बघ. किती ऱ्हायलं?”

“काय ऱ्हायचंय आता. काहीच न्हाई ऱ्हायलं.”

आबांनी आमच्याकडे बघून डोळे मिचकावले. “बघा, कसं घट्ट केलंय अक्कानं,” असं आम्हाला म्हणून ते परत फोनकडे वळले, तोवर फोन कट झाला होता.

रेंज गेली म्हणाले. खूश होते. रागावलेली बहीण कुठे दूध आटवत बसते का? म्हणजे राग नाही. गेल्या वर्षी बोलली तसं तिने करून दाखवलं, म्हणजे उलट दिलेला शब्द पाळला. आई म्हणाली, “आदल्या दिवशीच कसं आटवलं, एवढ्या उन्हाळ्याचं?” तर म्हणे तिच्याकडे फ्रीज आहे. “आवाज कसा वाटला तिचा?” तर म्हणे आटवून आटवून दमली असेल. ते उठले आणि शेजारी सांगून आले, समोरच्या घरी सांगून आले, पानाच्या टपरीवर सांगून आले की यंदा टेंभुर्णीहून आटीव दूध येतंय. दूध आणायचं नाही, अशी घरात ताकीद झाली. तांदळाची भरड तयार होती. खासगी साठ्याचा डबा धुऊन पालथा घातला होता, आणि या वर्षी तो एक नंबर मोठा होता.

पौर्णिमेला सकाळी आबा दाढी करून, पांढरे कपडे घालून बसस्टँडवर गेले. टेंभुर्णीची गाडी आली आणि रिकामी झाली, आत्या उतरली नाही. ते घरी येऊन म्हणाले, पुढच्या गाडीने येईल. विहारात वंदना झाली, पंचशील झालं, सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या आणि उदबत्त्या, आणि आबांचं लक्ष फाटकाकडे. वंदना संपताच परत स्टँडवर. परत एकटेच आले. छत्री कोपऱ्यात ठेवली, पाणी प्यायले आणि खुर्चीवर बसून पंख्याकडे बघायला लागले.

मग आईने आत्याच्या सुनेला फोन लावला. तिनेही स्पीकरवरच ठेवला, आमच्या घराची तीच रीत झाली आहे.

“आत्याबाई निघाल्या का गं?” आईने विचारलं.

“कुठं मामी? त्या न्हाई येत म्हणून राह्यल्यात.” सून जरा दबक्या आवाजात बोलत होती. “म्हैस आटली न्हवं का आमची. म्हातारी झाल्ती, परत काही गाभण ऱ्हायली न्हाई. मंग दिवाळीच्या आधीच बाजार दाखवला. आता ह्यांना दुसरी घ्यायची न्हाई, बघायला कुणी न्हाई म्हणतात. आम्हीच पिशवीचं दूध घेऊन राह्यलो. सासूबाईंनी काल मामांना सांगितलं बी, दूध आटलं म्हणून. तर मामा म्हणले, लई बेस झालं. एक कटकट गेली म्हणले.”

आबांनी पंख्यावरची नजर काढून फोनकडे वळवली.

“तव्हापासून गप हायेत त्या. रातच्याला जेवल्या बी न्हाईत. सारखं म्हणतात, रिकाम्या हातानं मी कुठल्या तोंडानं जाऊ.”

एकच शब्द. आमच्या स्वयंपाकघरात दूध आटलं म्हणजे खीर जमली, आणि तिच्या गोठ्यात दूध आटलं म्हणजे सगळं संपलं. आबा स्वतः गोठ्यात वाढलेले, त्यांना दोन्ही अर्थ पाठ. पण वर्षभर फोनची वाट बघणाऱ्या माणसाला हवा तोच अर्थ ऐकू आला. खरं सांगायचं तर मलाही तोच ऐकू आला होता.

“मी तसं न्हवतो म्हणलो,” आबा म्हणाले.

“तुम्ही तसंच म्हणले,” आई म्हणाली. ती एरवी त्यांना चिडवायची एकही संधी सोडत नाही, पण हे तिने चिडवून म्हटलं नाही.

मला आबांची फार दया आली. मोठा माणूस खुर्चीत बसल्या जागी लहान होत जातो, ते मी त्या दिवशी पाहिलं. ते तसेच बसून राहिले, मग उठले, फ्रीजवरची किटली काढली, आत बघितलं आणि माझ्या हातात पैसे कोंबून म्हणाले, “दूध आण. जल्दी.”

मी डेअरीवरून पिशव्या आणल्या. आबांनी दूध तापवलं. ना माल म्हणाले, ना ताव, ना तळहात वर केला. उतरवून परातीतल्या पाण्यात पातेलं ठेवलं, वर पंखा लावला आणि स्वतः हाताने ढवळत बसले. निवल्यावर किटलीत ओतलं. रिकाम्या पिशव्यांची घडी घालून ती कचऱ्याच्या डब्यात अगदी खाली, भाजीच्या देठांखाली लपवली, जणू आत्या टेंभुर्णीहून आमच्या कचऱ्याकडे बघत होती. आई म्हणाली, “तिला पिशव्या दिसायची गरज न्हाई. ती झाकण उघडून सांगंल.” मग तिनेच माळ्यावरून गोणपाट काढून भिजवून दिलं, तांदळाची भरड एका पुडीत बांधून दिली आणि म्हणाली, विहारात मी शेवयांची खीर देते, तुमची आठवण तिथे कुणाला येणार नाही, जा.

मी आबांबरोबर गेले. एकटे गेले असते तर स्टॉप चुकवला असता. दुपारची एसटी, वैशाखातलं ऊन, खिडकीच्या गजाला हात लावला की चटका. आबा किटली मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी कवळ घालून बसले होते आणि पांढऱ्या पायजम्यावर गोणपाटाचं पाणी पसरत चाललं होतं. कंडक्टरने तिकीट देताना बघितलं. “काय बाबा, दूध हाय का?”

“दूध हाय.”

“आवो, दूध गावाकडून जालन्याला जातंय. तुम्ही उलटे कुठं निघाले?”

गाडीतले लोक हसले. एरवी आबांनी त्याला चार गोष्टी ऐकवल्या असत्या. त्या दिवशी ते नुसतं “हां, उलटंच हाय” म्हणाले आणि बाहेर बघत राहिले.

आत्या ओट्यावर बसून सुपात डाळ निवडत होती. आम्ही फाटकातून आत आलो ते तिने पाहिलं, पण मान वर केली नाही. अंगणाच्या कडेला म्हशीची जागा होती, तिथे आता आत्याच्या मुलाची मोटारसायकल उभी होती. खुंटा तसाच होता. त्याला गाडी धुवायचं फडकं वाळत घातलं होतं. आबा त्या खुंट्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, वाटेत मी त्यांना दोन-तीन वाक्यं सुचवूनही ठेवली होती. त्यांनी पुढे होऊन किटली तिच्या सुपाशेजारी ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले.

आत्याने सूप बाजूला केलं. झाकण काढलं, आत बघितलं, किटली जराशी हलवून कडेला लागलेलं दूध निरखलं.

“पिशवीचं हाय,” ती म्हणाली.

“हाय.”

“तापवून आणलंस.”

“तुझ्यावानीच.”

“गोणपाट वाळलंय. वाटंत पाणी मारलं न्हाईस.”

“मारलं न्हाई,” आबा म्हणाले. मग एका दमात, पोरगं शाळेत कविता म्हणून मोकळं होतं तसे म्हणाले, “अक्का, मला वाटलं तू दूध आटवलं. गेल्या साली म्हणल्ती न्हवं का तू, आटवून आणते म्हणून. मला वाटलं खिरीसाठी आटवलं. म्हणून बेस झालं म्हणलो.”

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ते जुळवायला थोडा वेळ लागला. किती ऱ्हायलं, काहीच न्हाई ऱ्हायलं, सगळं परत मनात फिरवून तिने पाहिलं असावं. आणि मग ती हसायला लागली. “आरं येड्या,” म्हणाली, “आरं मी म्हैस आटली सांगत होते.” हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, आणि हसणं थांबल्यावरही जरा वेळ पुसत राहिली. आबा ओट्याच्या पायरीवर, तिच्यापेक्षा एक पायरी खाली बसले. मी सुनेला मदत करायच्या निमित्ताने आत गेले, कारण मला तिथे उभं राहवेना.

“पाण्याचं बोलणं लागलं व्हय तुला?” आबा बाहेर विचारत होते.

“कुठलं पाण्याचं?” आत्या म्हणाली. तिला ते आठवतही नव्हतं. आमच्या घरात वर्षभर एक किटली फ्रीजवर बसून होती, पेपर उलटे-सुलटे होत होते, आणि ज्या बोलण्यापायी हे सगळं, ते तिने त्याच दिवशी मोटारसायकलवर सोडून दिलं होतं. तिला लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. म्हैस गेल्यावर फोन करून सांगायचं काय? भावाला ‘जेवला का’ विचारायचं आणि तो म्हणणार, म्हैस कशी आहे. गावाकडची बहीण म्हणून शहरात पिशवीचं दूध घेऊन उतरायचं का? रिकामं उतरायचं का? त्यापेक्षा फोनच नको.

खीर तिच्याच घरी झाली. गॅस आत होता तरी आत्याने अंगणातली चूल पेटवली. पातेलं चढवलं, आईने दिलेली भरड तुपावर परतून घेतली आणि उलथनं हातात घेतलं. आबा बाजूला उभे. त्यांना राहवत नव्हतं. “ताव कमी हाय,” म्हणाले. आत्याने बघितलं. “कडेची साय काढ,” म्हणाले. आत्याने परत बघितलं. मग नेहमीप्रमाणे काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तर आत्याने उलथन्याचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताचा तळवा त्यांच्यासमोर धरला. मी इतकी हसले की सून बाहेर येऊन विचारायला लागली, काय झालं. ही खूण मिलमधली नव्हे तर आत्याकडूनच आलेली असावी, अशी मला तेव्हापासून शंका आहे.

पिशवीचं दूध ते, आटायला तयार नव्हतं. चुलीपुढे घाम गळत होता. आत्याने कपाळ पुसलं, पातेल्यात वाकून बघितलं आणि अगदी गंभीरपणे, शेजारच्या भिंतीपलीकडेही जाईल एवढ्या आवाजात विचारलं, “पाणी घातलं का काय रं दुधात?”

म्हणजे तिला आठवत होतं. आठवत होतं आणि लागलं नव्हतं. आबांना वर्षभरात मी इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. ते हसत हसत मोटारसायकलला टेकले आणि गाडी पडता पडता वाचली.

भिंतीपलीकडे एक म्हाताऱ्या खाला राहतात. ईदला शीरखुर्म्याचा डबा त्यांच्याकडून येतो आणि पौर्णिमेला खिरीची वाटी आत्याकडून जाते, हे फार जुनं आहे. दुधाच्या वासाने म्हणा किंवा आवाजाने, त्यांनी भिंतीवरून डोकावलं. “क्या बाजी, सुबह तो बोले इस बार खीर नहीं पकाती. दूध कहां से आया?”

आत्याने आधी पदर नीट केला, डोक्यावर घेतला, उलथन्याला चिकटलेली साय पातेल्यात सोडली. मग म्हणाली, “माहेरसे आया. मेरे माहेरसे. भाई लाया.”

हे ती खालांना सांगत होती, पण बघत होती चुलीकडे. इतकी वर्षं किटली तिच्या घरातून निघत होती आणि आमच्या घरी येत होती. ती घेऊन आमच्यातलं कुणी उलटं एकदाही गेलं नव्हतं. आम्हा कुणाच्या, माझ्या तर नाहीच, डोक्यात आलं नव्हतं की तिकडेही कुणीतरी वाट बघू शकतं. कंडक्टर ज्याला उलटं म्हणत होता, ते तिला सत्तरीत पहिल्यांदा सुलटं मिळालं होतं. मी चुलीच्या धुराचं निमित्त करून बाजूला झाले.

खीर चांगली झाली का? खरं सांगते, आबांची जास्त चांगली होते. ही जरा पातळ होती आणि वेलदोडा घाईत जास्त पडला होता. आबांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि खासगी साठ्याचं नावही काढलं नाही.

निघताना आत्याने किटली घासून, पुसून आणली आणि आबांच्या हातात दिली. आबांनी सवयीने झाकण उघडून आत बघितलं. बहिणीच्या घरून भांडं येतंय, म्हणजे आत काहीतरी असणार. शेंगदाणे, लाडू, गेला बाजार मूठभर साखर. त्यांनी दोनदा बघितलं.

“अक्का, रिकामीच दिली?”

“रिकामीच दिली,” आत्या म्हणाली. “भरून आणाय तुलाच यावं लागंल. पौर्णिमेला ये.”

एसटी लागली होती, ऊन उतरलं होतं. आबा खिडकीशी बसले. आयुष्यात कुणाचं रिकामं भांडं न घेणारा आणि न देणारा हा माणूस, रिकामी किटली मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून, ती सांडेल की काय अशा काळजीने बसला होता. गाडी गावाबाहेर पडली. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळले आणि मोठा शोध लागल्यासारखं म्हणाले, “पौर्णिमा तर दर महिन्याला असती.”